कोरा

मांडवीच्या गोदामात, दुसऱ्या माळ्यावर,
उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल
आणि त्यावर रोज चाळीस पांढऱ्या वाट्या.
त्या धुणं माझं काम. साबण न लावता.
कामावर घेताना त्रिलोकेकर साहेब एवढंच म्हणाले,
"तांडेलबाई, कामाच्या दिवशी मासळी खायची नाही."
मी म्हटलं, मग कोळीवाड्यात राहून मी खाऊ काय?
ते हसले. स्वतः पाठारे प्रभू,
आणि सव्वीस वर्षं घोळीला शिवले नव्हते.

एका पारड्यात चार आण्याचं जुनं नाणं,
दुसऱ्यात तेवढीच पत्ती.
उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं.
मग एक भुरका,
आमच्या घरी मारला तर सासू ताट उचलेल असा,
आणि लगेच पिंकदाणी.
गिळायचा नाही.
केवढी ही नासाडी, मला वाटे.

झाड म्हणे सगळ्यांचं एकच.
पानं रात्रभर पसरून मलूल करतात, चुरगळतात,
मग नुसती हवेवर ठेवून देतात.
चिरलेलं वांगं पाण्यात टाकायचं विसरलं
की जे होतं, तेच.
"इथे मुद्दाम विसरायचं," साहेब म्हणायचे,
"आणि आठवायचं कधी, याचे पैसे."

त्या वर्षी त्यांना ताप आला. साधाच.
परत आले, भुरका मारला,
आणि वाटी खाली ठेवायला फार वेळ लावला.
पेटीला ओल लागली होती,
कुबट वास पार जिन्यापर्यंत,
आणि ते म्हणाले, "ठीक आहे."
मी फडकं पिळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी काही विचारलं नाही.
त्यांनी फक्त एक वाटी माझ्याकडे सरकवली.

गूळ, मी म्हटलं. गोणपाटात बांधलेला. अंगाने जड.
त्यांनी लिहिलं, आसाम.
दुसरी पेंढ्याच्या रंगाची. ही कसली काळी?
हिरवं द्राक्ष, सालीसकट, जिभेच्या कडेला.
"दार्जिलिंग. मार्चची खुडणी."
तिसरीत तेच द्राक्ष, पण मनुका झालेलं.
"तीच बाग. जूनची."
सिलोनला लिंबाच्या सालीची धार,
रंग चिंचेने घासलेल्या तांब्याचा.
निलगिरी दुपारपर्यंत विसरली तरी गढूळ होईना,
वास असा, की कुणीतरी फूल ठेवून निघून गेलंय.
मग ती बारीक भुकटी, नाक्यावर दूध-साखर-आल्यात उकळते ती.
मी नाक मुरडलं.
"तिला नावं ठेवू नकोस," साहेब म्हणाले,
"पहाटे चारला गोदीतला माणूस तिच्यावर उभा राहतो."

असे अकरा महिने.
जीभ माझी, अक्षर त्यांचं.
दलाल यायचे, भाव ठरायचे,
आणि मी कोपऱ्यात वाट्या विसळायची.

एकदा चीनची चिमूटभर पत्ती आली,
चिडाच्या धुरावर वाळवलेली.
वाटी तोंडाशी नेली आणि मला हसू फुटलं.
साहेब, हा तर बोंबील!
सुका, निखाऱ्यावर भाजलेला, कडा करपलेला.
ते लिहायचे थांबले.
पेन टेबलावर ठेवलं.
"बोंबिलाचं सांग," म्हणाले. "अजून सांग."

शेवटच्या शनिवारी मी डबा नेला.
घोळीचं कालवण, कोकम जरा जास्त.
उत्तरेच्या खिडकीखाली, वाट्या बाजूला सारून
ते सावकाश जेवले, काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत.
मग डोळे मिटून म्हणाले, "हं. सांग."

तेवढ्या वाट्यांना शब्द सापडले होते मला.
गूळ, द्राक्ष, तांबं, धूर.
आता एकही येईना.
घोळीसारखी, मी म्हटलं. घोळीसारखीच लागते, साहेब.

त्यांनी हात धुतले, वही ओढली,
तारीख घातली, नावाखाली लिहिलं, घोळ,
आणि चवीचा रकाना
कोरा ठेवला.